बायकोची गोष्ट दुसऱ्यानं आधी ऐकली

मंडळी, आज मी जाम जळलोय. तुम्हालाच सांगतो.

मलकापुरात पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत मी स्पोकन इंग्लिशचा क्लास सुरू केला. आता अर्धं गाव मला ‘सर’ म्हणतं. पण घरी बायको माझ्यासमोर इंग्रजी बोलत नाही.

आज कॉलेजात इंग्रजी लेखनाची कार्यशाळा होती. बायकोनं नाव दिलं होतं, म्हणून मीही मागे जाऊन बसलो. शिकवणारा तरुण प्राध्यापक. गोष्ट आधी त्याला वऱ्हाडीत सांगायची, मग इंग्रजीत लिहून वाचायची, आणि वाचून होईपर्यंत कुणी चूक काढायची नाही, अशी त्याची रीत. मी मनातल्या मनात हसलो.

मग बायको वाचायला उठली. तिची गोष्ट अशी: दहावीनंतर तिची शाळा सुटली, तेव्हा माहेरी, वरवट बकालच्या चिंचेवर चढून ती मैत्रिणींची कॉलेजला जाणारी एसटी बघत बसायची. माझे कान तिखट, चुका सगळ्या ऐकू आल्या. पण ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होतो. वाचून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मलाही वाजवाव्या लागल्या.

बाहेर येताच विचारलं, “मले काऊन नाही सांगतलं कधी?”

“एकडाव इंग्रजीत सांगून राह्यली होती ना. तुमी पयल्याच वाक्याले टोकलं.”

त्या प्राध्यापकाच्या पदव्यांचा मला हेवा नाही. माझ्या बायकोची गोष्ट त्यानं माझ्याआधी ऐकली, आणि तीही आपल्या वऱ्हाडीत.

तुमच्या घरातलं असं काही परक्यानं आधी ऐकलंय का? तेव्हा टाळ्या कशा वाजवल्या तुम्ही?