लताकाकूंना एजंट पाहिजे

लताकाकूंच्या अंगणात तीन एजंट चहा पीत बसले होते. तिघंही जमिनीचे. आम्हाला हवा होता पुस्तकाचा.

मी भाषांतरकार. नेरळला राहते, मराठी पुस्तकं इंग्रजीत करते. लताकाकूंची खालापूरजवळ रोपांची नर्सरी आहे. त्यांनी कादंबरी लिहिली होती. एक एजंट एकच प्लॉट तीन मुंबईकरांना विकतो आणि तिघंही एकाच रविवारी भूमिपूजनाला येतात, अशी गोष्ट. मी पोट धरून हसले आणि भाषांतर करून टाकलं.

इंग्रजीतले मोठे प्रकाशक बहुतेक वेळा बाड थेट लेखकाकडून घेत नाहीत. मध्ये लिटररी एजंट लागतो. तो पुस्तक प्रकाशकाकडे नेतो, करार करून देतो आणि मानधनातला हिस्सा घेतो. त्याला आधी पानभर पत्र पाठवायचं. गोष्ट काय, लिहिणारा कोण, पुढचं का वाचावं. याला म्हणतात क्वेरी लेटर. अशी पत्रं मी लिहीत होते. उत्तरं यायची, अतिशय नम्र आणि नकाराची.

"काकू, अजून एजंट मिळत नाही," मी फोनवर एवढंच म्हटलं. त्यांच्या मुलाने, नितीनने, ते ऐकलं आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'आईला चांगला एजंट पाहिजे.' नर्सरीची जागा हायवेलगत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले, तर अंगण भरलेलं.

"काकू, यांना खरं सांगून टाका," मी हळूच म्हटलं.

"सांगते की. चा तर पिऊ दे." मग त्या तिघांकडे वळल्या. "एक गोष्ट हाय. ऐकनार का?"

जागा मिळेल या आशेने माणूस काहीही ऐकतो. काकू रंगात आल्या. गोष्टीतला रविवार उजाडला. पहिला मालक नारळ घेऊन आला, दुसरा भटजी घेऊन, तिसरा थेट जेसीबी घेऊन.

दोघं खो खो हसायला लागले. तिसऱ्याने, गॉगलवाल्याने, कप खाली ठेवला.

"काकी, ह्ये तुमाला कोनी सांगितलं?"

"कोनी नाय रं. मनातलं हाय."

"मग त्या एजंटचं फुडं काय होतं?"

"त्ये नाय सांगनार."

"सांगा ना काकी. पोलीस येतात का?"

"पुस्तक आलं की वाच."

गॉगलवाला उठला आणि बाइकला किक मारून गेला. बाकीचे दोघं मात्र पुढची गोष्ट ऐकायला बसून राहिले. काकूंनी त्यांना जागा विकायची नाही असं सांगून घालवलं, तेव्हा त्यांना जागेपेक्षा गोष्ट अर्धी राहिल्याचं जास्त वाईट वाटलं.

माझं पत्र सुरू व्हायचं, 'ग्रामीण भारतातल्या बदलत्या भूसंबंधांचा वेध घेणारी कादंबरी'. तिसऱ्या परिच्छेदात एजंट कसा पकडला जातो तेही मी सांगून टाकलं होतं. मीच पुढे वाचलं नसतं.

तिथेच लॅपटॉप उघडला आणि पत्र नव्याने लिहायला घेतलं. नारळ, भटजी, जेसीबी. आणि तिथेच थांबले.

"काकू, लेखिकेबद्दल काय लिहू?"

"लिव, पलाट घेनाऱ्या त्या तिघांनाबी आंब्याची कलमं मीच इकली व्हती."

मी टाइप करता करता थांबले. "म्हणजे हे खरंच घडलंय?"

काकू रोपांना पाणी घालत होत्या. "पाइप धर गं जरा," त्या म्हणाल्या.

या पत्राला दिल्लीच्या एका एजंटबाईंचं उत्तर आलं. सगळं बाड पाठवा. ते वाचून त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पहिलाच प्रश्न, "ही सत्यकथा आहे का?"

"त्यांना सांग, समदं काल्पनिक हाय," काकू गंभीरपणे म्हणाल्या. मी इमानदारीत भाषांतर केलं. त्या बाई हसल्या. पुस्तक त्यांनी घेतलं.

त्यांनी पाठवलेल्या करारात एक कलम होतं. पुस्तकातली कोणतीही व्यक्ती खरी नाही, याची हमी लेखिका देते. मी ते मराठीत वाचून दाखवलं. काकूंनी पापणीही न हलवता सही केली.

तेव्हापासून क्वेरी लेटरमध्ये मी शेवट सांगत नाही. आणि गोष्ट खरी आहे का, हे लेखकाला सही झाल्याशिवाय विचारत नाही.