डाव्या कार्बोरेटरची शीळ

"गप्प बसा जरा, ऐकू द्या." आमच्या डॉक्टरांचं हे ठरलेलं वाक्य. छातीला नळी लावली की पेशंटला हेच, आणि दवाखान्यामागच्या अंगणात मोटारसायकलपुढे उकिडवे बसले की मलाही हेच. मी त्यांचा कंपाउंडर. बाटल्यांवर डोसाच्या पट्ट्या चिकटवायचं सोडून मी त्यांना पाने-स्क्रूड्रायव्हर देत उभा असे, आणि देता देता माझी बडबड चालूच राही.

त्या काळी पोलादपुरात मोटारसायकलचा आवाज आला की डॉक्टर आले, हे सांगावं लागत नसे. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबाकडून मुंबईत घेतलेली ती इंग्रजी गाडी तेव्हाही म्हातारीच होती. तिला सिलिंडर दोन आणि कार्बोरेटरही दोन. पेट्रोल आणि हवा जिथे एकत्र होतात तो हा भाग. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी गुणी, नाहीतर एक बैल तरणा आणि एक थकलेला अशी जोडी जुंपल्यासारखी गत.

मग डॉक्टर जुन्या स्टेथोस्कोपच्या रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत आणि दुसरं कानात घालत. आत शिरणाऱ्या हवेची बारीक शीळ ऐकू येई. ती दोन्हीकडे सारखी येईपर्यंत स्क्रू पिळायचा. डावीकडे बसून डाव्या कानाने डावा कार्बोरेटर, मग पलीकडे जाऊन उजव्या कानाने उजवा. असंच का, म्हणून मी एकदा विचारलं. "ज्याचं त्याला ऐकू द्यावं," म्हणाले. यात शास्त्र कसलं, नुसती सवय. पण सवयीला कारण चिकटवायची त्यांना हौस होती.

ओटीवर बसलेले पेशंट हा सोहळा बघत. "डाक्टर, गाडीला बी खोकला हाय वाटतं," असं एखादा म्हणे.

"आहे ना. पण ती विडी ओढत नाही, म्हणून बरी होईल," डॉक्टर मान वर न करता म्हणत.

एका वर्षी पावसाळा सरला आणि गाडी बिघडली ती बिघडलीच. उभी असली की थडथडायची, चढावर गचके द्यायची. डॉक्टरांनी आधी पेट्रोलला नावं ठेवली, मग रस्त्याच्या धुळीला. मुंबईहून नवा सुटा भाग मागवला. दर रविवारी दोन्ही कार्बोरेटर खोलायचे, धुवायचे, जुळवायचे, आणि सोमवारी गाडी पहिल्यापेक्षा वाईट. "हा डावा हट्टाला पेटलाय," ते म्हणत. "कितीही उघडा, शीळच देत नाही." आणि आणखी थोडा उघडत.

एकदा कशेडी घाटाच्या पायथ्याच्या वाडीवर पेशंट बघून आम्ही परत येत होतो. मी मागे बसलेलो. गाडीने असे काही गचके दिले की औषधांची पेटी माझ्या मांडीवरून उडायची वेळ आली. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, नळी काढली आणि जुळवाजुळव सुरू केली. जाणारे ट्रकवाले मान काढून बघत होते. बराच वेळ गेला. शेवटी वैतागून त्यांनी नळी माझ्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही ऐका. कोणता जास्त बोलतोय?"

मी दोन्हीकडे ऐकलं. "डावा."

"नीट ऐका."

"डावाच, डॉक्टर. नुसता किंचाळतोय."

त्यांनी नळी घेतली आणि डाव्या कार्बोरेटरला या वेळी उजवा कान लावला. मग डावा. मग पुन्हा उजवा. नंतर डावीकडचा स्क्रू हलक्या हाताने उलटा फिरवत नेला, आणि गाडी शहाण्या बाईसारखी शांत चालू लागली. मला हायसं वाटलं. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"गाडी कधी बिघडलीच नव्हती," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय."

"एका कानाने काय अडतंय गाडीचं?" मी म्हणालो.

"गाडीचं नाही हो. किती जणांना मी छाती साफ आहे म्हणून घरी पाठवलं असेल या दिवसांत?"

मी औषधांची पेटी उचलली आणि मागे बसलो.

मुंबईच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवाही फार दिवस साथ देणार नाही. परत आल्यावर आमच्या डॉक्टरांनी एकच ध्यास घेतला. तो कान आहे तोवर, आपण साफ म्हटलेली प्रत्येक छाती पुन्हा ऐकायची. वाडीवाडीवर, घराघरात जाऊन. आणि प्रत्येक दारात आधी सांगायचं, "माझा एक कान गेलाय. मागे ऐकण्यात चूक झाली असेल, पुन्हा ऐकतो."

मी चिडत असे. "हे कशाला सांगता? लोक महाडच्या डॉक्टरांकडे जातील."

"जाऊ देत. त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत," ते म्हणत. काही लोक खरंच गेले.

उमरठला एक तरुण बाई होती. नवरा मुंबईला गिरणीत. डॉक्टरांनी आपलं पाढ्यासारखं पाठ झालेलं वाक्य तिलाही ऐकवलं. ती म्हणाली, "येक हाय ना अजून? मंग ऐका की."

त्यांनी ऐकलं. पाठीवर उजवीकडे, खालच्या बाजूला नळी थांबली. "श्वास घे पोरी. पुन्हा घे." ती घेत राहिली. मग नळी गळ्यात टाकून ते म्हणाले, "मागे तुला साफ आहे म्हणालो होतो. चुकलो मी."

तिला महाडला छातीचा फोटो काढायला पाठवलं. क्षय निघाला. सुया सुरू झाल्या. डॉक्टर मात्र त्या दिवसापासून खचले. तिचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या माथी, असं त्यांनी धरूनच ठेवलं. दुसरा कान पुरता जायच्या आत त्यांनी एका तरुण डॉक्टरला दवाखाना दिला, मलाही त्याच्या हवाली केलं, आणि महाडला भावाकडे राहायला गेले. मला फार चुकल्याचुकल्यासारखं होई. नवे डॉक्टर चांगले होते, पण ते मला कधी गप्प बसा म्हणत नसत.

पुढे एके दिवशी ती उमरठची बाई दवाखान्यात उभी राहिली. अंगाने भरलेली, तजेलदार. "कंपौंडरभाऊ, मी बरी झाली. डाक्टरास्नी सांगाया हवं." चिठ्ठी धाडू म्हटलं तर ऐकेना. आम्ही एसटीने महाडला गेलो.

भावाच्या घरामागे गाडी चालू होती. डॉक्टर तिच्या मागे बसले होते, दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडाशी दोन तळहात धरून, डोळे मिटून. धुराचे ठोके दोन्ही हातांवर सारखे लागतात का, ते बघत होते. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी वळून पाहिलं, आधी मला, मग तिला.

त्यांनी गाडी बंद केली. काही न विचारता तिला पाठ फिरवायची खूण केली आणि लुगड्यावरूनच तळहात टेकला.

"एक, एक म्हण."

ती म्हणत राहिली, आणि तिच्या आवाजाची थरथर ते तळहाताने चाचपत राहिले. हात हळूहळू सरकत उजवीकडे, खाली आला आणि तिथे थांबला. बराच वेळ.

"साफ आहे," डॉक्टर म्हणाले. आपला आवाज त्यांना कळत नव्हता, त्यामुळे ते एवढ्या मोठ्याने बोलले की शेजारचे लोक बाहेर आले. डॉक्टरांचे डोळे वाहत होते.

परतताना एसटीत मी तिला सांगितलं की लुगड्यावर पाठीमागे काजळीचा पंजा उठलाय, पोलादपूरला उतरून नळावर धुऊन घे.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि पाठ सीटला टेकू न देता बसून राहिली.