पाववाल्यांनी जागेपणी केलेली पहिली सहल

पाववाल्यांना सहलीचं भारी वेड. उन्हाळ्यात तलाव, पावसाळा ओसरता ओसरता धबधबा आणि थंडीत डोंगरावरचा बंगला, हे त्यांच्या घरात इतकं पक्कं होतं की कॅलेंडर बघायची गरज पडत नसे. मंडळीही ठरलेली. स्वतः पाववाले, त्यांची बायको, तिचा धाकटा भाऊ, त्या मेहुण्याची बायको आणि बेकरीला लागून स्टुडिओ असलेला फोटोवाला, पाववाल्यांचा चड्डीत असल्यापासूनचा दोस्त. मेहुणा साबणाच्या एजन्सीत कामाला होता आणि माल पोचवायची बंद गाडी सुट्टीच्या दिवशी त्याच्या हातात असे. मागे दोन बाकं टाकली की झाली सहलीची गाडी. त्या गाडीतून फिरून आलेल्या माणसाला दोन दिवस आंघोळीला साबण लागत नसे.

आता एवढ्या सहली केलेल्या माणसाने त्यात पाहिलं तरी काय, असं कुणी विचारलं असतं तर खरं उत्तर एकच होतं. काही नाही.

दोष धंद्याचा. जग अंथरुणाला पाठ टेकायचं तेव्हा पाववाल्यांचा दिवस उगवायचा. पीठ मळा, गोळे करा, भट्टी लावा, लाद्या काढा. आणि जग चहात पाव बुडवायला बसायचं तेव्हा हे गृहस्थ आडवे. सहलीची गाडी निघायची ती नेमकी याच मुहूर्तावर. गाडीचं दार आणि पाववाल्यांचे डोळे एकदमच मिटायचे. मग तलाव येवो नाहीतर धबधबा, लोक त्यांना उचलायचे, सावलीत ठेवायचे, निघताना परत गाडीत घालायचे. एकदा तर मेहुण्याची बायको टोपल्या मोजताना म्हणाली होती, "टोपल्या सगळ्या आल्या, दाजी राहिलेत."

गंमत अशी की पाववाल्यांना यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. घरी आल्यावर बायको सगळी सहल तिखटमीठ लावून सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी पाववाले तीच सहल आणखी मसाला घालून गिऱ्हाइकांना ऐकवायचे. "काय सांगू तुम्हाला, धबधब्याचं पाणी हे असं तोंडावर उडत होतं!" पाणी तोंडावर उडालं होतं ही गोष्ट खरी. मेहुण्याने तांब्याने उडवलं होतं. तरी जाग आली नव्हती.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण फोटोवाल्याला अवदसा आठवली. पाववाल्यांच्या बायकोच्या वाढदिवसाला त्याने झाडून सगळ्या सहलींचे फोटो एका जाड अल्बमात लावून आणले. चहा झाला, केक झाला, आणि बायको अल्बम मांडीवर घेऊन बसली. पहिली काही पानं हसू चाललं होतं. हळूहळू ती पानं मागेपुढे करून बघू लागली. मग तिने एका फोटोवर बोट ठेवलं. मागे तलाव, समोर दोन घडीच्या खुर्च्या. एकीवर ती.

"अहो, माझ्याशेजारी कोण बसलंय?"

पाववाल्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "छत्री दिसतेय."

"आणि ह्यात?"

"ह्यातही... तीच छत्री वाटते."

"लग्न तुमच्याशी केलं मी," बायको म्हणाली, "आणि आयुष्यभर हिंडतेय छत्रीबरोबर."

मेहुणा खो खो हसला. ताईने त्याच्याकडे असं पाहिलं की हसू तोंडातल्या केकसकट गिळावं लागलं त्याला. मग ती नवऱ्याकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे पाववाल्यांना जास्तच धडकी भरली.

"यंदा तलावावर जाऊ तेव्हा घरातून पाय बाहेर पडल्यापासून परत आत येईपर्यंत डोळे उघडे पाहिजेत. एक डुलकी दिसली, की पुढच्या सहलींना मी आणि भाऊ जाऊ. तुम्ही बसा भट्टीशी गप्पा मारत."

पाववाल्यांचं तोंड बेकिंग पावडर विसरलेल्या केकसारखं बसलं. कारण वर्षभर भट्टीपुढे उभं राहायला जी हिंमत लागते, ती त्यांना पुढच्या सहलीच्या आशेवरच यायची. झोपून का होईना, ते सहलीला जात होते! आता तेही गेलं तर उरलं काय? मैदा.

पण माणूस कसबी. त्यांनी आपल्या झोपेचा असा विचार केला, जसा न फुगलेल्या पिठाचा करतात. बेकरीत रात्रभर आपण जागे असतो ते कशामुळे? एक, तिथे खुर्चीच नाही. दुसरं, तिथे गार वारा नाही. म्हणजे बसायचं नाही आणि वारा लागू द्यायचा नाही, बस्स! शिवाय हाताला काम असलेलं बरं, म्हणून त्यांनी आणखी एक बेत केला आणि तो कुणालाच सांगितला नाही. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात मळलेलं पीठ घ्यायचं, तलावाच्या काठी चूल मांडायची आणि बायकोला गरम पाव खाऊ घालायचा. बायको खूश, आपण जागे.

सहलीच्या सकाळी पाववाले दारात आले ते पाहून फोटोवाल्याच्या हातून कॅमेऱ्याचं झाकण पडलं. ऐन उन्हाळ्यात अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्याला मफलर, कानाला टोपी.

"शेठ, तलावावर चाललोय. बर्फात नाही."

"तू तुझं बघ," पाववाले म्हणाले आणि डबा बाकाखाली सरकवून गाडीत उभे राहिले. छप्पर बुटकं, त्यामुळे मान वाकडी. एक हात वरच्या दांडीला.

"अहो, बसा ना!" बायको म्हणाली.

"बसलो की संपलं. आणि ती खिडकी लाव. तीसुद्धा."

"दाजी, उकडून मरू आपण!" मेहुण्याची बायको पदराने वारा घेत म्हणाली.

"वहिनी, एक दिवस सोसा. माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

संसाराचा प्रश्न म्हटल्यावर कोण काय बोलणार? खिडक्या लागल्या. बंद गाडी, वरून ऊन, आत पाच माणसं आणि साबणाचा वास. सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या आणि पाववाले मात्र घरी असल्यासारखे टवटवीत. "आहाहा!" ते म्हणाले. "कसं छान वाटतंय!"

आता हे दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नसतं तर चाललं असतं. पण ज्या माणसाने उभा जन्म पीठ फुगवण्यात घालवला, त्याला कळू नये की आपण गाडी नाही, पीठ फुगवायचं कपाट तयार केलंय? नाही कळलं. भट्टीपुढे वाढलेल्या माणसाला उकाडा हा उकाडाच वाटत नाही, तिथे घात झाला. बाकाखालच्या डब्यात पीठ आधी आळोखेपिळोखे देऊ लागलं, मग वर आलं, मग त्याने झाकणाला डोकं लावलं.

फट्ट!

मेहुण्याने करकचून ब्रेक मारला. "टायर गेला!"

"टायर नाही गेला," त्याची बायको पाय वर घेत किंचाळली, "काहीतरी आलंय! माझ्या चपलेत आलंय!"

बाकाखालून पांढरा, गुबगुबीत लोट आरामात पुढे येत होता. त्याने चपला घेतल्या, डब्यांची टोपली घेतली, फोटोवाल्याच्या पिशवीचा पट्टा घेतला. पाववाले एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने त्याला आवरायला वाकले, तोल गेला, आणि स्वेटर, मफलर, टोपी सगळ्यासकट त्यात पडले. लोकर आणि पीठ यांचं एकदा जमलं की कुणाच्या बापाला सुटत नाही.

फोटोवाल्याने शांतपणे कॅमेरा उचलला. "शेठ, तुमच्यापेक्षा हे पीठच जास्त जागं आहे." आणि फोटो काढला.

बायको मात्र हसली नाही. "सहलीतही पीठ?" एवढंच म्हणाली. पाववाल्यांना ते पडण्यापेक्षा जास्त लागलं. तुझ्यासाठीच आणलं होतं, असं सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण कोपरापर्यंत पीठ लागलेला माणूस असलं काही म्हणाला तर शोभत नाही, म्हणून ते चपलांवरचं पीठ खरवडू लागले.

तलावाच्या अलीकडे एक खानावळ होती. पीठ कसंबसं गोळा करून तिथे नेलं. स्वेटर, मफलर, टोपी सोलून काढून धुवायला टाकले. खानावळवाल्याची भट्टी पेटलेलीच होती. त्याने पीठ बोटाने दाबून पाहिलं आणि चेहरा उजळला. "मालक, हात तयार दिसतोय तुमचा. या ना आत, काढू एक घाणा! आमचा पाव नेहमी वर जळतो आणि आत कच्चा राहतो."

पाववाल्यांनी भट्टीकडे पाहिलं. काय ती भट्टी! विटा जुन्या, तोंड रुंद, आत निखारा असा की हात आपोआप पुढे जावा. पाय आतल्या दिशेला वळलेसुद्धा. तेवढ्यात त्यांना दिसलं, की बायको रस्त्याच्या कडेला उभी आहे. ती बोलावत नव्हती. नुसती उभी होती. काखेत छत्री.

"तुम्हीच भाजा," पाववाले खानावळवाल्याला म्हणाले. "आच उतरली की घाला. आणि घाई करू नका." दहा पावलं गेल्यावर वळून ओरडले, "दार सारखं उघडू नका!" आणखी थोडं पुढे जाऊन, "आणि वरून दुधाचा हात—"

"अहो!"

"आलो, आलो."

तलावावर मेहुण्याने नाव ठरवली होती. पाववाले सवयीने मधोमध उभे राहिले. नावाडी वैतागला. "ओ काका, खाली बसा! उभं राहून मला बुडवताय काय?"

अंगात आता साधा सदरा, वरून गार वारा, आणि बसायचं! दोन्ही वैरी एकदम समोर. पाववाल्यांनी केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. ती शेजारची फळी झाडत होती. "बसा," ती म्हणाली आणि छत्री काठावर फोटोवाल्याच्या हातात दिली.

पाववाले बसले. वारा आला. पापण्या जड झाल्या. डावा डोळा मिटला, उजवा त्याच्या वाटेला लागला, मान बायकोच्या खांद्याकडे कलू लागली. बायकोने पाहिलं आणि तोंड फिरवून पाण्याकडे बघू लागली. आता डुलकी पडणार, एवढ्यात नाव काठापासून सुटली आणि एका अंगाला कलंडली.

"अगं आई गं!" पाववाल्यांनी दोन्ही हातांनी बायकोचा दंड आवळला. डोळे बशीएवढे. "हे हलतं!"

"नाव आहे ती. हलणारच."

"दर वेळी हलते?"

"दर वेळी."

"म्हणजे दर वेळी मी ह्यात असतो?"

"असतो म्हणजे? घालतो आम्ही," मेहुणा म्हणाला. "मी पाय धरतो, ताई डोकं धरते. एकदा तुमचा एक हात पाण्यात होता सगळा वेळ. मासे चाटत होते."

पाववाल्यांनी झटकन दोन्ही हात तपासले आणि परत दंड धरला. मग जे सुरू झालं ते थांबेना. हे पाणी किती खोल आहे? नावाड्याला पोहता येतं का? ते काळं काय दिसतंय, दगड की प्राणी? तो बगळा आपल्याकडेच का बघतोय? नाव जरा डुलली की पकड आणखी घट्ट. बायको आधी "अहो सोडा, लोक बघतायत" म्हणत होती, मग हसू दाबू लागली, आणि शेवटी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "लग्नातसुद्धा," तिने दम खात सांगितलं, "एवढा घट्ट हात धरला नव्हता ह्यांनी."

"तेव्हा जमीन होती पायाखाली," पाववाले म्हणाले.

परत येताना खानावळवाल्याने कागदात बांधून गरम पाव दिले. वर खरपूस, आत मऊ. बायकोने एक तुकडा तोडला, खाल्ला, आणि नवऱ्याकडे पाहून विचारलं, "तलावावर मला खाऊ घालायला आणलं होतंत होय?"

पाववाल्यांनी मान डोलावली. बायकोने अर्धा पाव त्यांच्या हातात दिला.

गाडीत पाववाले पुन्हा दांडी धरून वाकडे उभे राहिले. बायको म्हणाली, "बसा आता. झोपलात तरी चालेल."

"नको. घर अजून लांब आहे. अट म्हणजे अट."

"मी घातली, मी काढली. बसा म्हणते ना!"

पाववाले तिच्याशेजारी बसले. खिडक्या उघड्या, वारा झकास, मेहुण्याची बायको आणि फोटोवाला केव्हाच पेंगले होते. पाववाल्यांनी समाधानाने मान मागे टेकली आणि सहज एकदा समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहिलं. मेहुण्याने त्याच क्षणी समोरून येणाऱ्या ट्रकला एका हाताने बगल दिली. दुसऱ्या हातात त्याच्या पाव होता.

पाववाल्यांची मान जागच्या जागी ताठ झाली.

"हा... हा अशी गाडी चालवतो?"

"पहिल्यापासून," बायको शांतपणे म्हणाली.

"आणि तुम्ही सगळे उघड्या डोळ्यांनी बसता?"

"मग काय करणार? भीती वाटली म्हणून छत्रीला थोडंच धरता येतं?"

पाववाले बायकोकडे सरकले. "थंडीत डोंगरावर जायचं ना? तो रस्ता कसा आहे?"

"वळणावळणाचा. एका बाजूला दरी."

"मग त्या सहलीला मी झोपतो. माझं ऐक."

"मुळीच नाही," बायको म्हणाली आणि आपला दंड त्यांच्यापुढे केला. पुढे आणखी एक ट्रक येत होता. पाववाल्यांनी तो दंड दोन्ही हातांनी धरला.