विलायती पाटीचे मेज

रत्नागिरीला जायचे ठरले ते गणूमुळे. गणू माझा चुलतभाऊ, तिथेच सुतारकाम करतो. मुंबईला आला होता, तेव्हा जेवताना बाबांना म्हणाला, "काका, तुमचं मेज विकतायत. साहेबाची बदली झालीय. येत्या रविवारी बंगल्यातल्या सामानाचा लिलाव हाय."

बाबांचा घास हातातच राहिला. मोतीबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. चाळीस वर्षे त्यांनी रत्नागिरीत रंधा ओढला, पण बोलतात एकाच वस्तूबद्दल. एका कारखान्यात असताना त्यांनी साहेबाच्या बंगल्यासाठी लिहिण्याचे मेज केले होते. खाली तीन खण, वर उतरते झाकण. झाकण पुढे पाडले की तीच लिहायची फळी. आत कागदांचे लहान कप्पे, आणि खालच्या मधल्या खणामागे एक चोरकप्पा. त्या चोरकप्प्याच्या तळाला बाबांनी पटाशीने आपले नाव कोरले होते. साहेब बदलत गेले, मेज बंगल्यातच राहिले.

"एकदा हात लावायला मिळाला असता," बाबा म्हणाले आणि पुढचा घास घेतला.

मी शाळामास्तर. तीन दिवसांची रजा काढली आणि साठवलेले साठ रुपये कमरेला बांधले.

आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटते. ज्यांना जायचे आहे त्यांनी दोन तास आधी जाऊन डेकवर चटई टाकावी, शक्यतो मधोमध. कडेला पाणी उडते. सोबत लिंबू ठेवावे. माझ्या शेजारी जयगडची एक बाई माशाच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसली होती. एका तरुणाचा पाय टोपलीला लागला.

"मेल्या, डोळे काय कप्तानाला दिलेस?"

"बोट हलते, मावशी."

"बोट हलते, मग मी का नाय तुझ्या अंगावर पडत?"

डेक हसला. मीही हसलो. त्या प्रवासातले हसणे तेवढेच.

हर्णे, दाभोळ, जयगड. प्रत्येक ठिकाणी बोट लांब उभी राहते आणि होड्या येऊन माणसे नेतात. रत्नागिरीलाही तसेच. होडीत उतरताना वहाणा हातात घ्याव्यात आणि खलाशी सांगेल तेव्हाच पाऊल टाकावे. गणू धक्क्यावर आला होता. त्याच्या घरी कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी खाऊन झोपलो. ज्यांचे कोणी नाही त्यांना बाजारात खानावळ आहे. भात चांगला, आमटी पातळ.

बंगला टेकडीवर. वाट जांभ्याची, वर पोचेपर्यंत धोतराचा काठ तांबडा झाला. सामान व्हरांड्यात मांडले होते. मेज कोपऱ्यात होते. मी ते पूर्वी कधी पाहिले नव्हते, तरी ओळखले. बाबांच्या सांगण्यात काहीही जास्तीचे नव्हते. झाकण पाडले. ते आवाज न करता उतरले आणि सरळ थांबले. कुठे सांधा दिसत नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला पितळी पाटी होती, चार स्क्रूंनी बसवलेली. तिच्यावर इंग्रजीत कुणा कारखानदाराचे नाव, खाली लंडन.

मी ती गणूला वाचून दाखवली.

"काका लंडनला कवा गेलेले?" गणू म्हणाला.

लिलाव दुपारी सुरू झाला. लिलाववाल्याने मेजावर थाप मारली. "अस्सल विलायती! लंडनचं काम! असा सांधा आपल्याकडे सात जन्मांत होणार नाही!" बोली वीसवर सुरू झाली. चाळीसला तिघे उरले, पन्नासला दोघे: मी आणि खादीची टोपी घातलेले एक वकील. मी साठ म्हणालो. ते सत्तर म्हणाले.

"सत्तर एक वार."

माझ्याजवळ आणखी काही नव्हते.

"सत्तर दोन वार."

"हे मेज लंडनचं नाही," मी म्हणालो. "माझ्या बापानं केलंय. इथंच, रत्नागिरीत."

लोक वळले. मी पुढे झालो, मधला खण काढला, डावीकडची पट्टी बाबांनी सांगितले होते तशी ओढली. चोरकप्पा सरकून बाहेर आला. तो उलटा धरून मी सगळ्यांना दाखवला. मोडीत कोरलेले: धोंडू सुतार, रत्नागिरी.

मला वाटले होते की लोक मेजाकडे पुन्हा एकदा बघतील.

वकिलांनी नाव वाचले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. "मला विलायती म्हणून सांगितलं होतं. गावच्या सुताराचंच हवं असतं तर गावातले सुतार काय मेले?"

"धोंड्याचं मेज!" मागून कोणीतरी म्हणाले. हशा झाला. वकिलांनी बोली मागे घेतली. लिलाववाल्याने माझ्याकडे दात खाऊन पाहिले आणि बोली पुन्हा वीसपासून सुरू केली. मी बावीस म्हणालो. एक वार, दोन वार, तीन वार. दुसरे कोणी बोललेच नाही.

बैलगाडीत मेजाला गोणपाट गुंडाळताना गणू खूश होता. "स्वस्तात पडलं, दादा. काकांचं नाव कामाला आलं."

मी दोरीची गाठ मारत राहिलो. बोललो तेव्हा वाटले होते, अभिमानाने बोललो. खिशात शंभर रुपये असते तर बोललो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही.

असे सामान बोटीने आणायचे असेल तर एक सांगतो. हमालाशी धक्क्यावरच ठरवून घ्यावे, होडीत बसल्यावर नाही. आणि झाकण दोरीने बांधावे. मी परत येताना जयगडसमोर ते सोडले, चाकूच्या टोकाने चारही स्क्रू काढले आणि पाटी समुद्रात टाकली. तेवढ्यापुरते बरे वाटले.

घरी मेज दारातून आत येईना. पाय वर करून, आडवे करून आणले. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात फिरवला: खण, कडा, बिजागऱ्या. मधला खण काढून चोरकप्पा त्यांनी एका बोटाने उघडला, नावावर अंगठा ठेवला आणि पुन्हा लावला. मग झाकण पाडले. बोटे फळीवरून सरकत चार भोकांपाशी थांबली.

"पाटी कुठं?"

"टाकली, बाबा. समुद्रात. खोटी होती ती."

"खोटी?" बाबांनी एका भोकावर बोट ठेवले. "मीच बसवलेली ती. पाट्या मालकाकडं असायच्या. कारखान्यात आम्ही अकरा सुतार. मालक म्हणाला, धोंड्या, तुझ्याच कामाला मार. बाकीच्यांचं काम लगेच पकडलं जाईल."

मी गोणपाटाची घडी घालू लागलो.

"केवढ्याला दिलं?"

"सत्तरला."

"पाटी बघून?"

"पाटी बघून."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर जे आले ते मी पूर्वी पाहिले नव्हते. ते माझ्या खोट्याने आणले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरस तापवायला सांगितला. मेजाच्या तळाचा थोडा भुसा खरवडून घेतला, सरसात कालवला आणि चाचपत चारही भोके भरली. वाळल्यावर काचकागद मारला. दुपार गेली त्यात.

मेजाने खोलीची एक भिंत खाल्ली आहे. बायको वळसा घालून जाते. शाळेच्या वह्या मी अजून जमिनीवर बसूनच तपासतो. बाबा झोपले की कधी झाकण पाडतो आणि पाटीच्या जागेवर बोट फिरवतो. भोके कुठे होती ते सापडत नाही.