सगळ्यांनाच पित्त

इंग्लंडमध्ये मानसशास्त्र शिकत असताना मला खात्री होती, की पुण्यात परतल्यावर आधी लोकांशी भांडावं लागणार. 'मनाचे आजार वगैरे काही नसतं' म्हणणाऱ्यांसाठी मी मुद्दे तयार ठेवले होते. कसबा पेठेतल्या धर्मादाय दवाखान्यात रुजू झाले, तर पहिल्याच आठवड्यात माझ्या खोलीबाहेर रांग. भांडायला कोणीच नाही. फक्त रांगेतल्या प्रत्येकाला पित्त होतं.

म्हणजे केस पेपरवर तसं लिहिलेलं होतं. नावनोंदणीच्या खिडकीत लिमयेकाका बसतात. समोरचा माणूस दबक्या आवाजात बोलायला लागला की ते मान वर न करता विचारतात, "पित्त लिहू?" माणूस सुटकेनं हो म्हणतो. काका कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक टिंब काढतात. टिंबवाले माझ्याकडे.

अडचण एवढीच, की मला खोली तीन महिन्यांच्या बोलीवर मिळाली होती. काकांच्या नोंदवहीत मनाचे रुग्ण दिसले तर खोली माझी, नाहीतर दातांच्या डॉक्टरांची. आणि वहीत नुसतं पित्त.

"काका, खरं लिहा ना."

"लिहितो. उद्यापासून कोण येतं ते तुम्ही बघा. अहो, ही वही विश्वस्तांच्या आधी शेजारी वाचतात."

त्या टिंबांचे किस्से मात्र इतके साठलेत, की सांगायला बसलं की चहा गार होतो.

*

पहिलं टिंब बुधवार पेठेतल्या एका गृहस्थांचं. त्यांचं कुलपांचं दुकान. दुकान बंद केलं की कुलूप ओढून बघायचे. वीस पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. कुलूप लागलंय हे डोळ्यांना दिसायचं, मनाला पटायचं नाही. ओढलं नाही तर जीव कासावीस. घरी निघायला तास जायचा.

"घरचे काय म्हणतात?"

"घरचे वैतागलेत. गिऱ्हाइकं खूश आहेत. म्हणतात, मालक स्वतः एवढं ओढून बघतोय म्हणजे माल खात्रीचा."

मी सांगितलं, याला मंत्रचळ म्हणतात, हा स्वभाव नाही, आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्यांनी विचार केला.

"करा उपचार. फक्त सुट्ट्यांचा सीझन जाऊ द्या. लोक गावाला निघाले की कुलपं खपतात."

*

लोणी काळभोरचे एक मामा कॉलेजची बस चालवतात. अचानक छाती धडधडायची, हातांना मुंग्या, दरदरून घाम, आता मेलोच असं वाटायचं. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं शांत. पिशवीत चार ईसीजी.

"ताई, चार डाक्टरांनी कागद काढला. समदे म्हणत्यात नॉर्मल हाय."

"मग चांगलं आहे की, मामा."

"काय चांगलं? कागद नॉर्मल हाय. मी न्हाई."

मी त्यांना पॅनिक अटॅक समजावला. शरीराचा धोक्याचा भोंगा कारण नसताना वाजतो, भीती खरी असते, पण त्यानं जीव जात नाही. हे मी पुस्तकातून सांगत नव्हते. परदेशातल्या दुसऱ्या हिवाळ्यात मी सुपरमार्केटच्या रांगेत अशीच खाली बसले होते. माझं औषध अजून चालू आहे. पण मामांना मी यातलं काही सांगितलं नाही. घरीसुद्धा कुणाला माहीत नाही.

*

एका निवृत्त मुख्याध्यापिकांना त्यांच्या वहिनी घेऊन आल्या. कित्येक आठवडे बाईंना भूक नव्हती, झोप नव्हती, रोजचं शब्दकोडंही कोरं राहत होतं.

"खूप दुःख होतं का?" मी विचारलं.

"दुःख असतं तर बरं होतं. मला काहीच वाटत नाही."

"आळस हो, दुसरं काय," वहिनी म्हणाल्या.

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "वहिनी, आळशी माणसाला लोळायला मजा येते. मला तीसुद्धा येत नाही."

नैराश्याची इतकी नेमकी व्याख्या मला विद्यापीठात कोणी शिकवली नव्हती.

*

अकोल्याचा एक आयटीवाला मात्र खिडकीतूनच तक्रार घेऊन आला. "मॅम, माझ्या पेपरवर पित्त नको. क्लिअर लिहा. एडीएचडी, बायपोलर आणि थोडी अँक्झायटी. रील्स बघून कन्फर्म केलंय."

मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. दोन बैठकांत नीट तपासलं. पोरगा मध्यरात्रीपर्यंत फोन बघायचा, चार तास झोपायचा आणि त्याला आईची आठवण यायची.

"तुला यातलं काहीही नाही," मी सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "काहीच नाही? मॅम, एकदा नीट बघा ना."

आजाराचं नाव उघडपणे लिहायला तयार असलेला एकमेव माणूस, आणि नेमका तोच ठणठणीत.

*

तिसरा महिना संपता संपता विश्वस्त नानासाहेब आले. त्यांनी सगळी वही चाळली.

"मनाचा रुग्ण एकही नाही. आपल्याकडे मनं मजबूत असतात, मॅडम. पोटं तेवढी नाजूक. उद्या अकराला बैठक आहे. खोली आवरायला घ्या."

टिंबांचा अर्थ सांगणं म्हणजे दीडशे माणसांचा विश्वास मोडणं.

जाताना नानासाहेब खिडकीशी थांबले. आवाज खाली आला. "लिमये, एका स्नेह्यांसाठी विचारतोय. त्यांना पहाटे तीनला जाग येते. मग झोप नाही, उगाच जीव घाबरतो..."

काकांनी मान वर केली नाही.

"पित्त लिहू?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली आवरली नाही. रुग्णांची गुपितं माझी नव्हती. पण एक गुपित माझं होतं. दहा वाजता मी पर्स घेऊन रांगेत शेवटी उभी राहिले. कुलूपवाले पुढे होते, मामा होते, बाई आणि त्यांच्या वहिनी होत्या. बाकावर नानासाहेब बसले होते. बैठकीला तास होता, आणि हातात घडी घातलेला केस पेपर होता.

माझा नंबर आला.

"तक्रार?" काकांनी खाली बघतच विचारलं.

"पॅनिक डिसॉर्डर. तीन वर्षं झाली."

पेन थांबलं. काकांनी मान वर केली. रांगेतली कुजबुजही थांबली.

"पित्त नाही?"

"पित्त नाही."

काकांनी पेन्सिल खिशात ठेवली. वही पुढे ओढली, चष्मा नीट केला.

"जरा मोठ्यानं सांगा, मॅडम. मागच्यांना ऐकू गेलं नाही."