लाल जरा कमी करा

भरे गावात आमच्या कंपनीची शेड आहे, तिथे आम्ही पांढरा उजेड बनवतो. असं सांगितलं की लोक वरच्या ट्यूबलाइटकडे बघतात. त्यांना समजावण्याची माझी हौस आता फिटली आहे. थोडक्यात सांगते: मागे निळा दिवा, त्यावर क्वांटम डॉटची फिल्म. हे डॉट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण. निळा उजेड पडला की त्यातले लहान कण हिरवे चमकतात, जरा मोठे असतील ते लाल. तिन्ही रंगांचं प्रमाण जमलं की पांढरा. भाजीत मीठ-तिखट जमवण्यासारखंच काम, फक्त चव घेणारे साहेब एकच.

साहेब स्वतःचा गोरापान हात दिव्याखाली धरून उजेड पास-नापास करायचे. गेल्या वर्षी ब्युटी पार्लरच्या आरशांसाठी ऑर्डर आली. मी आठवडाभर खपून असा पांढरा जमवला, की टोमॅटो टोमॅटोसारखा दिसे आणि माझा सावळा हात माझ्याच हातासारखा. साहेबांनी या वेळी माझा हात पाहिला. "चेहरा उजळला पाहिजे," म्हणाले, "लाल जरा कमी करा." केला. निळा चढवला. आता आम्ही सगळेच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. साहेब खूश. माझा दिवा नापास झाला नव्हता, माझा हात झाला होता, आणि त्याचा मला फार राग आला.

शेडची साफसफाई करणाऱ्या मावशी कासार आंबोलीच्या वरच्या वाडीवरून येतात. त्यांच्या मुलीला बघायला रविवारी पाहुणे येणार होते. घर अंधारं, म्हणून त्यांनी एक दिवा मागितला. साहेब उदार होऊन म्हणाले, पास झालेला न्या, पोरगी गोरी दिसेल. मी गुपचूप मावशींच्या पिशवीत माझा नापास दिवा घातला. तत्त्व म्हणून. दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नावर तत्त्व पाळायला आपलं काय जातं? रविवारी मात्र चांदे गावातल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी सकाळपासून घड्याळ बघत होते. पोरीला नकार आला असता तर तो माझ्यामुळे, आणि मावशींना ते कधी कळलंही नसतं.

सोमवारी मावशींनी दिवा टेबलावर आणून ठेवला. मी भीत भीत पाहुण्यांचं विचारलं.

"पोरगी काळीच दिसली," त्या म्हणाल्या. "हाय तशी. त्यांना चालत व्हती. पन पोराचे डोळे लालभडक दिसले, सकाळी धा वाजता. आमीच न्हाई म्हनून सांगितलं."

इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. पास झालेल्या दिव्यात लाल इतका कमी होता, की ते डोळे दारूचे नाही, फार तर जागरणाचे वाटले असते. मी दिवा बदलल्याचं मावशींजवळ कबूल केलं आणि साहेबांनाही सगळं सांगितलं, निदान आता तरी पटेल म्हणून. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग माझ्या दिव्याला लावलेल्या चिठ्ठीवर नापास केल्याचं आणखी एक कारण लिहिलं: या उजेडात पाहुण्यांचे डोळे लाल दिसतात.