तळाच्या ओळीतली सलमा

संपादककाका कुठलाही कागद तळापासून वाचायचे. आधी शेवटची ओळ, तिथे कुणाचं नाव आहे का ते बघायचं, मग मजकूर. सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये 'व्यवस्थापन' अशी सही असलेली नोटीस लागली, तेव्हा त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून अकरा मजले खोळंबवून ठेवले. "हे व्यवस्थापन कुठल्या फ्लॅटमध्ये राहतं? मला त्याच्याशी भांडायचंय."

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी पुण्याहून एम्प्लॉयमेंट पासवर आलेला इंजिनीअर. काका शेजारच्या फ्लॅटमध्ये, मुलीकडे, देश सोडावा लागून आलेले. तिकडे अरबस्तानात त्यांच्या पक्षाचं अरबी दैनिक होतं आणि काका त्याचे संपादक. सरकारने ते सात वेळा बंद पाडलं. दुसऱ्या कॉफीनंतर हा आकडा सतरा व्हायचा. बंदीच्या काळात अंक मेंढ्यांच्या पोटाखाली बांधून गावोगाव जायचे. "शेवटी शेवटी मेंढ्याही पक्षाच्या सभासद झाल्या," काका सांगत. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे मैत्री धडधाकट राहिली.

त्या दैनिकाची एक रीत होती. शेवटच्या पानाच्या तळाशी, त्या दिवशी प्रुफं ज्याने वाचली त्याचं नाव छापायचं. काका म्हणत, "चूक अनाथ असू नये." प्रुफं वाचणाऱ्यांत सलमा नावाची एक बाई होती. एकदा पक्षनेत्यांच्या भाषणात तोच परिच्छेद तीनदा आला. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची डुलकी समजून सलमाने दोन काढून टाकले. नेते खरोखरच तीनदा तेच बोलले होते. भाषण लोकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं, आणि सलमाला पक्षातून हाकललं. नाव तळाशी होतंच, शोधावं लागलं नाही.

"तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"खुर्ची सांभाळली," काका म्हणाले आणि त्या दिवशी दुसरी कॉफी घेतली नाही.

दैनिकाचा इतिहास काकांनी इथे बसून लिहिला होता आणि त्यात सलमावर एक प्रकरण होतं. मग तिकडचं सरकार पडलं. पक्षाचं पत्र आलं: दैनिक पुन्हा निघतंय, तुम्ही लिहिलेला त्याचा इतिहास पाठवा, तुम्हीही या, संपादकाची खुर्ची पुसून ठेवली आहे, तिकीट आम्ही धाडतो. अट एकच. सलमाचं प्रकरण गाळा.

काकांची बॅग कित्येक वर्षं पलंगाखाली भरलेली होती. वर्षातून दोनदा त्यातले शर्ट धुवून, इस्त्री करून पुन्हा आत जात.

"बाबा, एकच तर नाव आहे," त्यांची मुलगी नादिया म्हणाली. "घरी जायचंय ना तुम्हाला?"

"जायचंय. पण एकदा गप्प बसून तिची खुर्ची घालवली. आता बोलून माझी घालवतो. फिटंफाट."

त्यांनी सलमाचं प्रकरण मधून उचललं, पहिलं केलं, नेत्यांचा तो परिच्छेद फक्त एकदाच दिला आणि तळाशी स्वतःचं नाव एवढं मोठं लिहिलं की मलेशियात जाणाऱ्या जोहोरच्या पुलावरूनही दिसावं. तिकीट अर्थातच आलं नाही. महिन्याभराने त्यांनी बॅग ओढून काढली आणि शर्ट एकेक करून कपाटात टांगले. नादिया हँगर देत होती.

त्याच दिवाळीत मी आमच्या मराठी मंडळींच्या अंकाचं काम बघत होतो. अध्यक्षांच्या मनोगतात एकच विचार तीनदा नटून आला होता. मी दोन कापले. अध्यक्षांचा फोन आला, "कुणी केलं हे?" अशा वेळी 'संपादक मंडळ' म्हणून सुटायची आमच्यात थोर परंपरा आहे.

"सर, शेवटच्या पानाच्या तळाशी बघा," मी म्हणालो. पुढल्या अंकाचं काम अर्थात दुसऱ्याकडे गेलं.

तो अंक मी काकांकडे नेला. देवनागरीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी थेट मागचं पान काढलं आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा तू?"

"मीच."

"छान," काका म्हणाले. "ज्याला भांडायचंय त्याला आता दार सापडेल."